निगा आधी, जुळवणी नंतर : रेडिओ-नियंत्रित टूरिंग कारचा आढावा

रेडिओ-लहरींवर चालणाऱ्या लहान मोटारींच्या छंदाला शाखा अनेक आहेत. परंतु यंत्रातील दोष झाकण्यास जिथे जागाच उरत नाही, अशी शाखा टूरिंग कारची होय. खडबडीत मैदानावर उड्या घेणाऱ्या बगीला लांब शॉक आणि दातेरी टायर असल्यामुळे जुळवणीतील पुष्कळशा चुका जमिनीच्या खाचखळग्यांत मिसळून जातात. उलटपक्षी टूरिंग कार सपाट डांबरावर अथवा गालिच्यावर, जमिनीपासून अवघ्या पाच-साडेपाच मिलिमीटरांवर धावत असते, आणि अर्ध्या मिलिमीटरचा एखादा वायसर किंवा अर्ध्या अंशाचा एखादा कोन बदलला, तरी त्याचा परिणाम चालविणाऱ्याच्या बोटांना तत्काळ कळतो. साहजिकच या गाडीच्या जुळवणीविषयी मजकूर विपुल उपलब्ध आहे. प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत कोष्टके आहेत आणि प्रत्येक विजेत्याच्या जुळवणीचा तक्ता हातोहात फिरतो. तथापि या सर्व मजकुरात निगेचे प्रकरण एका बाजूला आणि जुळवणीचे प्रकरण दुसऱ्या बाजूला, अशी जी वाटणी झालेली दिसते, ती मुळातच सदोष आहे. जिची बेअरिंगे घासली आहेत, जिच्या सांध्यांत प्ले, म्हणजे सैलपणा, आला आहे आणि जिची चॅसी पिळवटली आहे, अशा गाडीचे कोन बदलीत बसणे म्हणजे खोट्या आकड्यांवर हिशेब मांडणे होय. निगा ही जुळवणीची पहिली पायरी आहे, हे प्रतिपादन समोर ठेवून या विषयाचा साकल्याने परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम या गाडीची कुळकथा थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची एक-द्वादशांश मापाची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली, आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. पुढे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, चारही चाकांना गती देणाऱ्या बगीचे गिअरबॉक्स घेऊन त्यावर रस्त्यावरील मोटारीची काया चढविण्याची कल्पना तामियाने टीए-०१ या चॅसीत रूढ केली, आणि तिच्यातूनच आजची एक-दशांश मापाची, सुमारे १९० मिलिमीटर रुंदीची टूरिंग कार जन्मास आली. इफ्मार या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक अजिंक्यपदापर्यंत तिची मजल गेली. जर्मनीच्या मार्क राइनहार्ड याने २००४, २००८ आणि २०१० अशी तीन वेळा तामियाच्या गाडीवर ते पद मिळविले, तर २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतील वेल्कम येथे पोर्तुगालच्या ब्रुनो कोएल्यो याने स्लोव्हाकियातील एक्सरे कंपनीच्या गाडीवर ते जिंकले. मधल्या काळात गाडीच्या अंतरंगात तीन मोठे पालट झाले. कार्बन ब्रश असलेल्या मोटारीची जागा ब्रशविरहित मोटारीने घेतली. निकेलच्या सहा घटांच्या बॅटरीऐवजी दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. आणि प्रत्येक स्पर्धकास निराळा स्फटिक देऊन सांभाळाव्या लागणाऱ्या २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या रेडिओच्या जागी २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रुळला. आपल्या देशात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लहरींचा हा पट्टा २००५ च्या नियमान्वये परवान्यातून मुक्त झाला, हीही येथील छंदिष्टांना सोयीची गोष्ट ठरली.

या गाडीचे वजन शर्यतीच्या नियमांनुसार साधारण १३५० ग्रॅमच्या आसपास राखले जाते, आणि हे सर्व वजन, हा सर्व वेग, ही सर्व वळणे अखेर चार टायरांच्या अंगठ्याएवढ्या स्पर्शक्षेत्रांवर तोलली जातात. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. ती वाढते, पण भाराच्या मानाने कमी वाढते. वळणात भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि पुढील व मागील धुऱ्यांपैकी ज्या धुऱ्यावर ही सरकण अधिक, त्या धुऱ्याची एकूण पकड तुलनेने घटते. स्प्रिंग कडक केली, गाडीचे कलणे रोखणारा अँटी-रोल बार जाड केला, ज्याविषयी पुढे येईल ते रोल सेंटर वर-खाली केले, या सर्व खटाटोपांचे तात्पर्य हेच की, भाराच्या या सरकण्याची पुढे किती आणि मागे किती वाटणी करावी, हे आपण ठरवितो. हे सूत्र ज्याच्या मनात ठसले, त्याला तक्त्यातील चाळीस रकाने पाहून भोवळ येण्याचे कारण नाही.

आता निगेकडे वळू. गाडी खरी आहे की नाही, याची परीक्षा घेण्यासाठी जाड काचेचा सपाट तुकडा पुरतो. अँटी-रोल बार सोडवून गाडी काचेवर ठेवावी, दोन्ही बाजूंची उंची समान असल्याची खात्री करावी, आणि सुरीचे टोक चॅसीच्या पुढच्या कडेखाली नेमके मध्यभागी धरून ती सावकाश उचलावी. पुढची दोन्ही चाके एकाच क्षणी काच सोडतील तर ठीक. एक आधी सुटले आणि दुसरे मागाहून सुटले, तर गाडी तीन पायांवर टेकणाऱ्या डगमगत्या चौरंगासारखी आहे, असे निश्चित समजावे. पुढचा भाग उचलताना मागच्या स्प्रिंगांतील असमानता उघडी पडते आणि मागचा उचलताना पुढच्या. परंतु स्प्रिंगांच्या कड्या फिरविण्याची घाई करू नये. कारण पुष्कळदा दोष स्प्रिंगचा नसून चॅसीचा असतो. कठड्याला धडक बसली की खालची पट्टी आणि वरची पट्टी यांची परस्परांशी असलेली बैठक किंचित सरकते, स्क्रू त्याच वाकड्या अवस्थेत घट्ट राहतात, आणि पीळ कायम होतो. अशा वेळी वरच्या पट्टीचे सर्व स्क्रू सैल करावेत, चॅसी काचेवर तळहाताने दाबून धरावी, आणि स्क्रू एकआड एक, कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे जात, हलक्या हाताने आवळावेत. पुष्कळ गाड्यांची उजवीकडे नीट आणि डावीकडे वाईट वळण्याची खोड एवढ्याने जाते.

त्यानंतर सांध्यांची पाळी. प्रत्येक चाक दोन बोटांत धरून आत-बाहेर, वर-खाली हलवून पाहावे. दुव्यांच्या टोकाचे प्लॅस्टिकचे कप घासले असतील, विशबोनच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या भुजेच्या, पिनेचे छिद्र लांबट झाले असेल, स्टीअरिंगच्या तरफांची बुशे सैल झाली असतील, तर कॅम्बरचा जो अंश आपण मोजून ठेविला तो धावताना टिकत नाही. पण उलट टोकाचा दोषही तितकाच घातक आहे. नवा सांधा इतका घट्ट असतो की शॉक काढल्यावरही विशबोन आपल्या वजनाने खाली पडत नाही. कप चिमट्याने हलकेच दाबून किंवा छिद्र योग्य मापाच्या रीमरने साफ करून हा अटकाव दूर करावा. शॉक सोडविला की विशबोन आपोआप, न अडखळता खाली आला पाहिजे आणि तरीही त्यात प्ले जाणवता कामा नये. ही कसोटी कोणत्याही महागड्या उपकरणाहून विश्वसनीय आहे.

शॉकची निगा हा या विद्येतील सर्वांत नाजूक भाग आहे, म्हणून त्याचा तपशील थोडा विस्ताराने देतो. जुने तेल काळपट झाले की ते ओतून टाकून नळी पुसून घ्यावी, रबरी कड्यांना वंगण लावावे, आणि सिलिकॉनचे नवे तेल, सामान्यतः ३५० ते ४५० सेंटिस्टोकचे, काठोकाठ भरावे. मग दांडी सावकाश वर-खाली करीत पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येऊ द्यावेत. ही क्रिया घाईने केली तर बुडबुडे फुटून तेलातच विरतात आणि शर्यतीच्या मध्यावर शॉक मऊ पडतो. नळी काही वेळ उभी ठेवून पृष्ठभाग निवळला, की रबरी पडदा आणि टोपण बसवावे व जादा तेल बाहेर येऊ द्यावे. शेवटची रुजुवात अशी : डावा आणि उजवा शॉक दोन्ही हातांत धरून एकाच वेळी पूर्ण दाबावेत व सोडावेत, दोन्ही दांड्या सारख्याच वेगाने आणि सारख्याच अंतरापर्यंत परत आल्या पाहिजेत. त्यांची पूर्ण लांबी व्हर्नियरने मोजावी. येथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहिला, तर तो पुढे टायरपर्यंत पोहोचतो आणि मग चालविणारा त्याचे कारण भलतीकडेच शोधीत बसतो.

गतिवाहक भागांची निगा त्या मानाने सोपी, पण नित्याची आहे. चाकांच्या हबमध्ये असणारी ५×१०×४ मिलिमीटरची बेअरिंगे हे धुळीचे पहिले बळी. बोटावर फिरविताना जे खरखरते ते धुऊन, वाळवून, पातळ तेलाचा एक थेंब देऊन पाहावे, आणि तरीही खरखरले तर निःसंकोच टाकून द्यावे. पुढच्या धुऱ्याला बहुधा डिफरेन्शियल नसून दोन्ही चाके एकत्र बांधणारा स्पूल असतो. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी खेचली जाते, पण ड्राइव्ह-शाफ्टच्या सांध्यांवर आणि त्यांच्या टोकांच्या प्लॅस्टिक पट्ट्यांवर सगळा ताण येतो. या पट्ट्या स्वस्त असतात, वेळेवर बदलल्या तर महागडे शाफ्ट वाचतात. मागचे गिअर-डिफ सिलिकॉन तेलाने भरलेले असते. काही हजार सेंटिस्टोकच्या मर्यादेत तेल जाड केले की मागची दोन चाके अधिक बांधली जातात आणि आतले चाक रिकामे फिरणे कमी होते. पण निसरड्या जमिनीवर तीच गोष्ट मागचा भाग सुटण्यास कारण ठरू शकते. डिफमधून तेल गळत असेल तर गाडीचा स्वभाव दिवसाकाठी बदलत जातो. धातूत धातू बसणाऱ्या स्क्रूंना निळे थ्रेड-लॉक लावावे. प्लॅस्टिकात बसणाऱ्या स्क्रूंना ते लावू नये, कारण काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात.

इतका बंदोबस्त झाल्यावरच जुळवणीला हात घालावा. कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत झुकण्याचा कोन. वळणात गाडी बाहेर कलते तेव्हा बाहेरचे चाक सपाट टेकावे, यासाठी उभ्या गाडीस दीड ते दोन अंशांचा आतला झुकाव देतात. तो योग्य आहे की नाही, हे टायरची झीजच सांगते : आतली कड लवकर झिजली तर कोन जास्त, बाहेरची झिजली तर कमी. मागच्या चाकांना अडीच ते तीन अंशांचे टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलेली, असते, त्याने प्रवेग देताना मागचा भाग स्थिर राहतो. ते घटविले की गाडी चपळ होते, पण चुकीला क्षमा करीत नाही. पुढच्या चाकांना शून्य ते एक अंश टो-आउट, म्हणजे त्याउलट बाहेर वळण, दिल्यास ती वळणात तत्परतेने शिरते. कॅस्टर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव, बहुधा चार ते सहा अंशांच्या दरम्यान असतो आणि त्याने सरळ मार्गावरील स्थैर्य वाढते.

कोनांनंतर भाराच्या वाटणीचा प्रश्न येतो, आणि बहुतेक मतभेद येथेच उद्भवतात. गाडीचे नाक वळणात बाहेर जात असेल, तर पुढची स्प्रिंग मऊ करणे, पुढचा अँटी-रोल बार बारीक करणे किंवा मागची बाजू तुलनेने कडक करणे, असे तीन मार्ग आहेत; तिन्हींचा हेतू एक, पण रीती भिन्न. स्प्रिंगचा परिणाम वळण, ब्रेक आणि उंचवटे अशा सर्व प्रसंगी होतो. बारचा परिणाम मुख्यतः कलण्यापुरता असतो. म्हणून दोष केवळ वळणात दिसत असेल तर आधी बारला हात लावणे अधिक शहाणपणाचे. रोल सेंटर हे गाडी ज्या बिंदूभोवती कलते ते काल्पनिक स्थान. विशबोनच्या आतल्या आधाराखाली अर्ध्या मिलिमीटरचा वायसर घातला की ते वर सरकते आणि कल कमी होतो. ड्रूप म्हणजे विश्रांत अवस्थेपासून चाक आणखी किती खाली जाऊ शकते ते अंतर. मागे ते वाढविले की ब्रेक लावताना भार पुढे अधिक जातो आणि गाडी वळणात झटकन शिरते. ज्या जमिनीवर पकड फारच असते, विशेषतः गालिच्यावर, तेथे गाडी वळणात थेट उलटते. त्यावर पुढच्या टायरच्या बाहेरील भिंतीस, आपल्याकडे ज्यास फेव्हिक्विक म्हणतात त्या जातीच्या गोंदाचा पातळ थर देणे, हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

गिअरिंगचा हिशेब शुद्ध अंकगणिताचा आहे, आणि तो कागदावर करावा. मोठ्या स्पर गिअरचे ९६ दाते, मोटारीवरील पिनियनचे ४८ आणि पट्ट्यांच्या पुलींचे अंतर्गत गुणोत्तर १.९ असेल, तर एकूण गुणोत्तर ३.८ येते. टायरचा व्यास ६३ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १९८. तेव्हा मोटारीच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ५२ मिलिमीटर पुढे जाते. पिनियन ४७ दात्यांचे घातले तर हे अंतर सुमारे ५१ मिलिमीटर होते : सरळ मार्गावरचा कमाल वेग किंचित घटतो, वळणातून उसळी वाढते, मोटार थंड राहते. पाच मिनिटांच्या फेरीनंतर मोटारीचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल तर पिनियन लहान करावे. कारण अतिउष्णतेने आतील चुंबकाचे बळ कायमचे घटते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मतभेदास जागा नाही, येथे सक्त शिस्त हवी. लिथियम-पॉलिमरचा प्रत्येक घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरावा, ३ व्होल्टच्या खाली कधीही नेऊ नये, आणि दीर्घ मुदतीसाठी ठेवायचा असल्यास ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. दोन्ही घट समान भरणारा चार्जर वापरावा. चार्जिंग चालू असताना खोली सोडून जाऊ नये. आणि फुगलेली बॅटरी, ती कितीही नवी असली तरी, गाडीत बसवू नये. या रसायनाला आग लागते, आणि ती पाण्याच्या शिंतोड्याने विझत नाही.

विवाद्य मुद्द्यांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. चॅसी ताठ असावी की लवचिक, हा पहिला. ताठ चॅसी प्रत्येक बदलाला स्पष्ट प्रतिसाद देते. लवचिक चॅसी कमी पकडीच्या जमिनीवर टायरला टेकण्यास सवड देते. म्हणूनच कार्बनची आणि ॲल्युमिनियमची, दोन्ही प्रकारची पट्टी आज प्रचारात आहे, आणि वरच्या पट्टीचे एक-दोन स्क्रू काढून लवचिकता वाढविण्याचाही शिरस्ता आहे. गालिच्यावर ताठपणाकडे आणि जुन्या डांबरावर लवचिकतेकडे कल ठेवावा, असा निर्वाळा देण्यास हरकत नाही. दुसरा मुद्दा विजेत्यांचे तक्ते उतरवून घेण्याचा. ते तक्ते खोटे नसतात. पण ते एका विशिष्ट दिवसाचे, विशिष्ट टायरचे, विशिष्ट तापमानाचे आणि एका अत्यंत सराईत हाताचे दाखले असतात. त्यांतील पुष्कळ जुळवण्या वेगासाठी स्थैर्याचा बळी देतात. नवशिक्याने उत्पादकाच्या पुस्तिकेतील मूळ जुळवणीपासूनच आरंभ करावा.

महाराष्ट्रात ही गाडी कोणी सोसायटीच्या किंवा कचेरीच्या वाहनतळावरील डांबरावर चालवील, तर त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असे डांबर शर्यतीच्या पृष्ठभागाइतके गुळगुळीत नसते, म्हणून उंची सहा-सात मिलिमीटर ठेवणे श्रेयस्कर. त्याने थोडा कल वाढतो, पण चॅसीचा तळ खरवडला जात नाही. वैशाखाच्या उन्हात शॉकचे तेल किंचित जाड घ्यावे. पावसाळ्यात गाडी बंद पडून असली तरी बेअरिंगांना व ड्राइव्ह-शाफ्टांना तेलाचा हात लावून ठेवावा, अन्यथा दिवाळीत पेटी उघडली की गंजच हाती लागतो. तामियाची २०१३ सालची टीटी-०२ ही अनेकांची पहिली गाडी असते. तिचे शॉक तेलाऐवजी घर्षणावर चालतात आणि वरचा दुवा ठराविक लांबीचा असतो. तेव्हा तेलाचे शॉक आणि लांबी बदलता येणारे दुवे, हाच तिच्यावरील पहिला योग्य खर्च होय.

पद्धतीविषयी दोन शब्द. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलापूर्वी आणि बदलानंतर किमान पाच-सहा फेऱ्या शांतपणे घ्याव्यात. उपयोग झाला नाही तर गाडी मूळ स्थितीत आणूनच पुढचा प्रयोग करावा. प्रत्येक बदलाची तारीख, जमिनीचे तापमान, टायर किती फेऱ्या झिजले होते हे सारे वहीत उतरवावे. टायर जुना झाल्याने मंदावलेली गाडी पुष्कळदा निर्दोष स्प्रिंगवर आळ आणते, आणि तो आळ केवळ नोंदीनेच दूर होतो. गाडीला हात लावण्यापूर्वी रेडिओतील मध्यबिंदू आणि चाकांचे डावे-उजवे कमाल वळण समान असल्याची खात्रीही करून घ्यावी. कित्येक दोषांचे मूळ तेथेच सापडते.

अखेरीस या आढाव्याचा निष्कर्ष असा की, टूरिंग कारच्या वेगाचा फार मोठा भाग अचूकपणे जोडलेल्या आणि वेळच्या वेळी तपासलेल्या सामान्य भागांत असतो, आणि उरलेला भाग चालविणाऱ्याच्या सरावात. नव्याने या छंदात येणाऱ्यास एवढीच विनंती की, कार्बनचा सुटा भाग विकत घेण्यापूर्वी त्याने एक व्हर्नियर, एक उंची मोजण्याची पट्टी, काचेचा एक सपाट तुकडा, उत्तम प्रतीच्या ॲलन-की आणि एक साधी वही विकत घ्यावी, आणि पहिले काही महिने गाडीचा प्रत्येक स्क्रू स्वतःच्या हाताने सोडून स्वतःच्याच हाताने लावावा.